खिडकीजवळचं टेबल

काकांनी आपली जागा आधीच धरून ठेवली होती. मरायची नव्हे, मेल्यावर पडायची. विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयाला लागून डॉक्टरकीचं कॉलेज होतं, त्याच्या तळमजल्यावर मुडद्यांवर पोरं शिकतात तो हॉल, आणि त्या हॉलमधलं खिडकीजवळचं शेवटचं टेबल. "तिथे उजेड चांगला येतो," काका म्हणायचे, "आणि बाहेर झाड आहे." मेलेल्या माणसाला झाड काय आणि भिंत काय! पण ते असं सांगायचे, जसे काही हॉटेलात खोली बघून आलेत.

जन्मभर त्यांनी त्याच हॉलमध्ये नोकरी केली. टेबलं धुवायची, फरशी पुसायची, ज्यांनी जिवंतपणी आपला देह शिक्षणासाठी लिहून दिला त्यांना दारावर उतरवून घ्यायचं, औषधात ठेवायचं, आणि वर्ष सुरू झालं की पोरांसाठी टेबलावर मांडायचं. त्या देहांना ते पाहुणे म्हणायचे. "आज एक पाहुणे आले, फार शांत गृहस्थ," असं चहा पिता पिता घरी सांगायचे.

"शांत नसतील तर काय गाणं म्हणतील?" बायको म्हणायची. "आधी ते कपडे उतरवा आणि बादलीत टाका. घरभर तुमच्या पाहुण्यांचा वास सुटलाय."

या बायकोला गल्लीत फौजदारीण म्हणत. तोंडावर काकूच, कारण तेवढी छाती कुणाची नव्हती. शाळेची पायरी चढली आणि दुसऱ्या बाजूने उतरली, एवढंच तिचं शिक्षण. पण ती दुकानात शिरली की तराजू आपोआप सरळ व्हायचा. नाकावर माशी बसू द्यायची नाही. आणि जगातल्या सगळ्या गोष्टींपेक्षा तिला गर्व होता तो आपल्या हातांचा. हाताला गुण होता तिच्या, ते खोटं नाही. गल्लीतली निम्मी बाळं तिने पायांवर आडवी घेऊन, तेल लावून, रगडून उभी केली होती. कुणाची मान आखडली, कुणाची पाठ धरली, की माणूस कण्हत तिच्या दारात. "डॉक्टरने सांगितलं ते राहू दे," ती म्हणायची. "त्यालाही पोट आहे बिचाऱ्याला. तू पालथा पड." आणि माणूस घरी जाताना शीळ घालत जायचा.

अशी बाई त्या टेबलाला कशी तयार झाली? सहजासहजी नाहीच झाली. काकांनी पहिल्यांदा विषय काढला तेव्हा तिने हातातली कढई आपटली. "जन्मभर तिथेच पडून होतात, मेल्यावर तरी घरच्यांच्या वाट्याला या!" काका गप्प बसले. ते भांडायचे नाहीत, हा त्यांचा मोठा दुर्गुण होता. उशीवर बुक्की मारावी तसं व्हायचं.

मग एका वर्षी ते तिला कॉलेजात घेऊन गेले. नवी पोरं हॉलमध्ये येणार होती. तिला वाटलं, आता ही पोरं मुडदे बघून खिदळणार, नाहीतर ओकणार. ती दाराआड उभी राहिली. पोरं आली, पांढऱ्या कोटात, प्रत्येक टेबलाभोवती उभी राहिली आणि कुणी हत्याराला हात लावायच्या आधी सगळ्यांनी माना खाली घातल्या. एकीने मोठ्याने म्हटलं, तुम्ही आमचे पहिले गुरू, तुमचा मान राखू, असं काहीसं. बाकीच्यांनी तिच्यामागून म्हटलं. मग किती तरी वेळ कुणी हललं नाही. पंख्याचा आवाज तेवढा.

फौजदारीण घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. काका घाबरले, बायकोला काही झालं की काय.

तिच्या मनात वेगळंच चाललं होतं. या माणसाशेजारी बसायला लोक कां-कूं करत आले. तिच्या सख्ख्या बहिणीने एकदा त्यांनी पाणी प्यायलेला पेला दोनदा विसळला, हसत हसत. कुठल्याही समारंभात त्यांची खुर्ची दाराजवळची. आणि या माणसापुढे, ज्याच्यासाठी जन्मात कुणी उठून जागा केली नाही, एवढी शिकलीसवरली पोरं मान खाली घालून उभी राहणार!

"सही कुठे करायची ती दाखवा," ती म्हणाली. "आणि टेबल खिडकीजवळचंच पाहिजे, सांगून ठेवा. नाहीतर तुम्हाला घालतील कोपऱ्यात. तुम्ही काही बोलणार नाही."

तेव्हापासून ते टेबल काकांपेक्षा तिचंच जास्त झालं. बहिणीला मुद्दाम जाऊन सांगून आली. "तुझ्या नवऱ्यापुढे कोण उभं राहील गं? कर्ज वसूल करणारा बँकवाला?"

काका निवृत्त झाले आणि काही वर्षांनी लकव्याने त्यांची उजवी बाजू गेली. जीभ जड झाली, शब्द तोंडातच लोळायचे. रुग्णालयात होते तेवढे दिवस होते, मग डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या, इथे करण्यासारखं काही उरलेलं नाही. रुग्णालयाची एक सिस्टर आठवड्याला घरी येऊन बघेल, हवेची गादी देतो, बाकी तुम्हीच.

हॉलच्या मॅडम एकदा घरी बघायला आल्या. आता विभागाच्या मोठ्या होत्या, पण शिकायला आल्या तेव्हा पहिल्याच दिवशी चक्कर येऊन पडल्या होत्या आणि काकांनी त्यांना खिडकीजवळच्या स्टुलावर बसवून पाणी पाजलं होतं. काकांचा डावा हात धरून त्या बसल्या. काकांनी विचारलं, "टे... बल?"

"आहे काका. तुमचंच आहे." मॅडमनी त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली. "तुम्हाला तर सगळं माहीतच आहे. अंग नीट राहिलं पाहिजे."

काकांनी डोळे मिटून हो म्हटलं. मॅडमना पोचवायला फौजदारीण दारापर्यंत गेली तेव्हा तिने विचारलं, "अंग नीट म्हणजे?"

"काकू, संसर्गाचा रोग नको, माणूस अगदी हाडांचा सापळा व्हायला नको. आणि मुख्य म्हणजे पाठीला जखमा नकोत. पडून पडून होतात त्या. त्या चिघळल्या तर आम्हाला देह घेता येत नाही."

हे तिला ठाऊक होतं खरं. काकांनीच पूर्वी सांगितलं होतं. दोन भाऊ आपल्या बापाला घेऊन आले होते, चांगले कपडे घालून, बापाची इच्छा पुरी करायला. काकांनी रीतीप्रमाणे चादर उचलली, कुशीवर केलं, तर पाठ सगळी गेलेली. काकांना दारातूनच नाही म्हणावं लागलं. "धाकटा म्हणाला, आता यांना कुठे नेऊ?" एवढं सांगून काका त्या दिवशी जेवले नव्हते.

"माझ्या घरात जखमा?" फौजदारीण मॅडमना म्हणाली. "बाळाच्या अंगावर पुरळ उठू दिलं नाही मी कधी. तुम्ही टेबल पुसून ठेवा."

आणि तिने जिवाचं रान केलं, यात कुणी खोट काढू नये. सुनेला खोलीत पाऊल टाकू देईना. एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळवायचं, गुडघ्यांमध्ये उशी, टाचांखाली उशी, चादरीला सुरकुती दिसली की ओढून ताणायची. भरवायची ती, पुसायची ती. सून म्हणायची, "आई, दुपारचं मी बघते, तुम्ही जरा पडा."

"तू पोळ्या बघ. एक बाजू करपवतेस, माणसाच्या दोन बाजू काय सांभाळणार?"

पडल्या पडल्या काका अर्ध्या तोंडाने हसायचे. सून नाक मुरडून जायची आणि दाराआडून सगळं बघायची. बोलायची कमी, पण डोळे होते तिला.

सिस्टर तरुण होती, भरभर बोलणारी, पायात पांढरे बूट. दर वेळी काकांना वळवून पाठ बघायची, शाबास म्हणायची. एका आठवड्यात तिने कमरेखाली माकडहाडावर बोट टेकवून उचललं. रुपयाएवढी जागा लाल होती, आणि बोट काढलं तरी लालच राहिली.

"काकू, इथे सुरुवात होतेय. या जागेवर आता अजिबात भार नको, फक्त कुशीवर ठेवा. आणि चोळायचं नाही हं. तेल नको, मालीश नको. आतलं मांस आधीच दबलंय, चोळलं की फाटतं."

"चोळल्याने फाटतं?" फौजदारीण सुनेकडे बघून म्हणाली. "ऐक. मी इतकी वर्षं गल्ली फाडतेय."

"मी गंमत नाही करत, काकू."

"मीही नाही. लाल झालंय म्हणजे रक्त खेळतंय ना तिथे? खेळू दे की. रक्त खेळणं चांगलंच."

सिस्टरने समजावलं, पुन्हा समजावलं, सुनेलाही समजावलं, आणि दुसऱ्या घरी पेशंट खोळंबला होता म्हणून गेली. ती जिना उतरते न उतरते तोच फौजदारणीने तेल कोमट केलं.

सून म्हणाली, "आई, सिस्टर नको म्हणाल्या होत्या."

"सिस्टर कालची पोर. तुझ्या नवऱ्याचं डोकं गोल कुणी केलं? या हातांनी. आत काही भरता आलं नाही, ते सोड."

ती काकांच्या पाठीशी बसली आणि अंगठ्याच्या बुडाने चोळू लागली. गोल गोल, दाबून, जशी उभ्या जन्मात चोळत आली तशी. सकाळी, दुपारी, दिवे लागल्यावर. काकांना तिथलं फारसं कळत नव्हतं, ते आपले भिंतीकडे तोंड करून पडून. चोळता चोळता ती त्यांना टेबलाच्या गोष्टी सांगायची. "यंदा म्हणे मुली जास्त आहेत. मुली नीट शिकतात. मुलगे नुसते कापाकापी करतात." काका हुंकार द्यायचे.

लाल होतं ते जांभळं झालं. तिला वाटलं, साचलेलं वर आलं, आता उतरेल. जोर वाढवला. मग एका सकाळी तिच्या अंगठ्याखाली कातडी सरकली. पिकलेल्या फळाची साल सरकते तशी, आवाज न करता. तिने हात काढला तर अंगठ्याला ओल.

 ती उठली, हात धुतले, काकांच्या पाठीवर स्वच्छ फडकं ठेवलं, चादर ओढली आणि स्वयंपाकघरात येऊन सुनेवर डाफरली की मीठ जास्त झालंय. भाजी अजून चुलीवर चढलीसुद्धा नव्हती.

पुढच्या आठवड्यात सिस्टर आली तेव्हा फौजदारीण दारात आडवी. "आत्ता डोळा लागलाय. पाठ छान आहे. तुम्ही सांगितलं तसंच करतेय." त्याच्या पुढच्या आठवड्यात, "आत्ताच पुसून निजवलंय, पुन्हा कशाला त्रास." सिस्टरला चार घरं गाठायची होती, आणि या घरावर तिचा भरवसा होता. असं पाठ राखलेलं घर तिने दुसरं पाहिलं नव्हतं, असं तीच रुग्णालयात सांगत असे. आता फौजदारीण चोळत नव्हती. हळद लावून बघत होती, राख लावून बघत होती, आणि फडकी लपवून धूत होती.

शेवटी काकांना ताप भरला. सिस्टर आली, तेव्हा दारात कुणी आडवं नव्हतं. सुनेने तिला सरळ आत नेलं. सुनेकडे बघायची फौजदारणीची ताकद नव्हती. सिस्टरने फडकं उचललं. आतून हाड दिसत होतं.

ती रागावेल, ओरडेल, असं फौजदारणीला वाटलं; तिने उत्तरंसुद्धा जुळवून ठेवली होती. पण सिस्टर एवढंच म्हणाली, "मला आधी दाखवायचं हो, काकू." आणि हातमोजे चढवून कामाला लागली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी फौजदारीण ठेवणीतले कपडे घालून कॉलेजात गेली. कुणाला सांगितलं नाही. हॉलमध्ये तास नव्हता. टेबलं सगळी नवी, लखलखीत, फक्त खिडकी तीच, आणि बाहेरचं झाड तोडून तिथे मोटारी उभ्या केलेल्या. मॅडमनी तिला स्टुलावर बसवलं. सिस्टरकडून त्यांना सगळं कळलेलं दिसत होतं, कारण त्या काही विचारत नव्हत्या.

"मॅडम, पाठ जरा खराब झालीय," ती म्हणाली. "तर उताणंच निजवा ना. पाठ कोण बघतंय?"

मॅडमनी मान खाली घातली. "आम्ही पाठीपासूनच सुरू करतो, काकू."

"मग छातीपासून करा एक वर्ष! एवढी शिकलेली माणसं तुम्ही, तुम्हाला दुसरीकडून सुरू करता येत नाही?"

"तसं नाही. जंतू रक्तात गेलेत. देह टिकवायचं औषध धरत नाही तशा अंगाला. आणि पोरांच्या जिवाला धोका. हातमोजा फाटतो, सुई टोचते."

"मग डोळे घ्या. डोळे चांगले आहेत त्यांचे, अजून सुईत दोरा ओवला असता."

"तेही नाही घेता येत आता."

"मग काय घेता येतं?"

मॅडमनी हॉलच्या दाराकडे बघितलं.  "मला हा नियम काकांनीच शिकवला. मी शिकवायला नवीन असताना एकांना आत घेणार होते, ओळखीचे होते म्हणून. काका दारात उभे राहिले. म्हणाले, मॅडम, उद्या तुमचं पोर आजारी पडलं तर?"

"त्यांचा नियम त्यांच्याच गळ्यात," फौजदारीण म्हणाली आणि उठली. दारापर्यंत गेली आणि मागे वळली. आता काहीतरी असं बोलावं की मॅडमचं तोंड उतरेल, असा तिचा स्वभाव.  पण मॅडमनी तर काही केलं नव्हतं. ज्यांनी केलं ते दोन हात तिच्याच मनगटांना लटकत होते.

घरी आली तेव्हा काका जागे होते. खोलीत तो वास होता, ऊद जाळा नाहीतर खिडक्या उघडा, जात नव्हता. गोड, जड. फौजदारीण पलंगाशी बसली.

"गेली... होतीस?" काकांनी विचारलं.

"हो. मॅडमनी चहा दिला. पुचाट होता."

"टेबल?"

"आहे. धुऊन पुसून ठेवलंय. झाडाला पालवी आलीय."

काका तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी डावा हात नाकाशी नेला आणि खाली ठेवला. जन्मभर त्या दारावर उभा राहिलेला माणूस. त्याला चादर उचलावी लागत नव्हती, गाडीचं दार उघडलं की कळायचं. आपण कुणापाशी खोटं बोलतोय ते तिला तेव्हा उमजलं.

"दारावर... आता... कोण?" काका म्हणाले.

"नवा माणूस आहे. अगदीच अडाणी. त्याला काही कळत नाही."

काकांचं अर्धं तोंड हसलं. "मग... घेईल," ते म्हणाले.

ती उठली, बाहेर गेली. सून भांडी घासत होती. फौजदारीण तिच्यासमोर उभी राहिली. सासूचे हात असे रिकामे लोंबताना सुनेने कधी बघितले नव्हते.

"त्यांना वळवायची वेळ झालीय," फौजदारीण म्हणाली. "तू वळव. मी हात लावत नाही."

सुनेने हात पुसले आणि ती आत गेली. त्यानंतर काकांना भरवलं सुनेने, पुसलं सुनेने, सिस्टरला पट्टी बांधताना मदत केली ती सुनेने. फौजदारीण दारातल्या खुर्चीवर बसून असायची. काका अधूनमधून डावा हात तिच्याकडे करायचे. ती बघायची, पण धरायची नाही.

काका गेले एका सकाळी, सून पाणी पाजत असताना. मुलगा फोन हातात घेऊन आला. त्याला आतलं काही ठाऊक नव्हतं; पुरुषांना घरातलं शेवटी कळतं. "आई, कॉलेजला कळवतो. गाडी पाठवतील ना ते?"

"नको," फौजदारीण म्हणाली.

"अगं, पण बाबांची इच्छा..."

"नको म्हटलं ना! लोकांना दारातून परत जाताना त्यांनी जन्मभर बघितलंय. त्यांना परत येताना कुणी बघायचं नाही."

मग काकांना स्मशानात नेलं चारचौघांसारखं, घाईघाईने, दार-खिडक्या उघड्या टाकून. बहीण आली होती. नाकाला रुमाल लावून लांब उभी राहिली. म्हणाली, "ते टेबलाचं काय झालं गं?" फौजदारणीने ऐकलं, आणि गल्लीने पहिल्यांदा पाहिलं की तिने कुणाला उत्तर दिलं नाही.

कॉलेजचं वर्ष सुरू झालं असेल. पोरं माना खाली घालून उभी राहिली असतील, खिडकीजवळच्या टेबलावर कुणीतरी असेल, कुणाचा तरी बाप. शेजारची पोर आपलं पहिलं बाळ घेऊन आली, तेलाची वाटीही घरून आणली होती. "काकू, तुमच्या हाताला गुण आहे, तुम्हीच लावा."

बाळ लाल लाल, मुठी आवळलेलं. फौजदारणीने हात पदराखाली घेतले.

"माझे हात दुखतात आता," ती म्हणाली. "सिस्टरला विचार. ती सांगेल तसं कर."